घरावरचा झेंडा: जालन्यातली पाऊणशे वर्षे

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण जालन्यात घरावर तिरंगा लावणे म्हणजे तुरुंगाचे दार ठोठावणे होते. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथे चाले तो आसफजाही पिवळा झेंडा. निजाम सरकारने तिरंगा उभारायला बंदी घातली होती, तरी हैदराबाद स्टेट काँग्रेसने तो उभारायची हाक दिली आणि तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. पुढचे तेरा महिने रझाकार या निजामधार्जिण्या सशस्त्र संघटनेच्या दहशतीचे. घरात तिरंगा सापडणे हाच पुरावा ठरू शकत होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची लष्करी कारवाई सुरू झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. जालन्याच्या मामा चौकाला ज्यांच्यावरून नाव पडले, त्या याच लढ्यातल्या हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकरांची आठवण म्हणूनच मला निव्वळ इतिहासाची वाटत नाही.

स्वतंत्र भारतातही नियम मोकळे नव्हते. सामान्य माणसाने प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती अशा मोजक्याच दिवशी घरावर तिरंगा लावावा, असा सरकारी दंडक होता. उद्योगपती नवीन जिंदाल यांनी आपल्या कारखान्यावर तो रोज फडकवण्यासाठी न्यायालय गाठले. २६ जानेवारी २००२ पासून रोज झेंडा लावायची मुभा देणारी नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने तिरंगा सन्मानाने फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. निजामाच्या बंदीनंतर सहा दशके होत आली होती, हे मराठवाड्याच्या माणसाला चटकन जाणवते.

२०२२ मध्ये केंद्र सरकारचे 'हर घर तिरंगा' अभियान आले. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या झेंड्यांना परवानगी मिळाली होती, जुलै २०२२ मध्ये घरावर तो रात्रंदिवस ठेवायची मुभा मिळाली. नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. मराठवाड्यातच अशी परंपरा असताना बाजारातला चकचकीत झेंडा घ्यावा लागतो, याचे मला वाईट वाटते.

आता प्रश्न अपार्टमेंटचा. गच्ची, जिना, बाहेरची भिंत सामाईक. तिथे काय लावायचे हे सोसायटीची कमिटी ठरवते. आपल्या गॅलरीतल्या तिरंग्याला मात्र कमिटीने अडवू नये, असे माझे ठाम मत आहे. तिने पाहावे ते एवढेच: झेंडा फाटलेला-मळलेला नको, केशरी पट्टा वर हवा, तिरंग्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा झेंडा नको. पक्षाचे झेंडे, वाढदिवसाचे फ्लेक्स, जाहिरातीच्या पाट्या यांची गोष्ट वेगळी. त्यांना मूलभूत हक्काचा तिरंग्यासारखा स्वतंत्र निवाडा मिळालेला नाही आणि सामाईक भिंतीवर त्यांना कमिटीने लेखी परवानगीची अट घातली, तर ती योग्यच. १५ ऑगस्ट सरला की जीर्ण झेंडे कचऱ्यात जाऊ नयेत, यासाठी कमिटीने गोळा करण्याची एक पेटी ठेवावी. संहितेनुसार ते खासगीत, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करायचे असतात.