पैसे कट झाले, पण पोहोचले नाहीत: 'पेंडिंग' म्हणजे नक्की काय?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं 'अं… म्हणजे… ॲक्च्युअली' काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. मागच्या वेळी तुमच्यापैकी काही जणांनी कळवलं होतं की आई-बाबांना एपिसोड पाठवला तर ते ऐकत नाहीत, पण लिहिलेलं पाठवलं तर वाचतात. आजचा विषय तर त्यांच्यासाठीच आहे.

सुरुवात माझ्या घरातल्या एका गोष्टीपासून करतो.

मंगळवार, सकाळी साडेदहा

बाबांची अँजिओग्राफी होती, सांगलीत. मी पुण्यात ऑफिसला. आई आणि मावशी बाबांसोबत होत्या. काउंटरवर १५,००० रुपये डिपॉझिट भरायला सांगितलं. आईनं क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय… आणि मग 'पेंडिंग'. तेवढ्यात बँकेचा मेसेज आला, १५,००० रुपये खात्यातून वजा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, आमच्याकडे आले नाहीत."

आईनं मला फोन लावला. मी मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर. मग मावशीच्या फोनवरून पुन्हा १५,००० भरले आणि बाबांना आत नेलं. पण आईचा जीव पहिल्या पैशांत अडकलेला. तिनं गूगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधला आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलणारा. "मॅडम, रिफंड लगेच होईल. एक ॲप डाउनलोड करा, मग मी सांगतो तसा पिन टाका."

ॲप डाउनलोडच झालं नाही, कारण फोनमध्ये जागा नव्हती. नातेवाईकांच्या ग्रुपवरच्या 'शुभ सकाळ'च्या फोटोंनी अख्खी मेमरी भरली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या फोटोंचे आभार मानले!

मी अर्ध्या तासानं फोन केला तेव्हा आई म्हणाली, "पैसे गेले की रे! तूच म्हणालेलास हे एकदम सेफ आहे म्हणून."

बरोबर होतं तिचं. तिच्या फोनमध्ये यूपीआय मीच चालू करून दिलं होतं. पैसे कसे पाठवायचे ते शिकवलं, पण अडकले तर काय करायचं ते कधी सांगितलंच नाही. मी रोज सर्व्हरचा कोड लिहितो, अशा अडकलेल्या रिक्वेस्ट हाताळणं हे माझं कामच आहे, आणि घरात मात्र हे सांगायचं राहिलं. म्हणून आजचा एपिसोड.

ॲप म्हणजे बँक नाही

सगळ्यात आधी एक गैरसमज काढू. तुम्ही ज्या ॲपमधून पैसे पाठवता, त्या ॲपमध्ये तुमचे पैसे नसतात. ते तुमच्या बँकेतच असतात. ॲप फक्त निरोप्या आहे.

यूपीआय चालवते एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. ही संस्था २००८ साली सुरू झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिनं यूपीआय आणलं. तुम्ही 'पे' दाबलं की निरोप असा फिरतो: तुमचं ॲप एनपीसीआयला सांगतं, एनपीसीआय तुमच्या बँकेला विचारते, "पिन बरोबर आहे का? पैसे आहेत का? असतील तर वजा कर." तुमची बँक म्हणते, "केले." मग एनपीसीआय समोरच्याच्या बँकेला सांगते, "जमा कर." ती म्हणते, "केले." मग तुमच्या स्क्रीनवर हिरवी खूण येते आणि दुकानातला साउंडबॉक्स बोलतो.

म्हणजे दहा रुपयांच्या चहासाठीसुद्धा चार-पाच कंपन्यांचे सर्व्हर आपसात बोलतात, तेही काही सेकंदांत. यातला एखादा जरी वेळेवर बोलला नाही, तरी चक्र फिरत राहतं.

उत्तर आलं नाही, म्हणजे काम झालं नाही असं नाही

हा आजच्या एपिसोडचा मुख्य मुद्दा.

समजा तुम्ही धाकट्या भावाला दूध आणायला पाठवलं. अर्धा तास झाला, तो फोन उचलत नाही. आता दूध घेतलं की नाही घेतलं? तुम्हाला माहीत नाही. कदाचित तो दुकानात पोहोचलाच नसेल, कदाचित दूध घेऊन मित्रांशी गप्पा मारत असेल. तुम्ही वैतागून बहिणीलाही पाठवलं, तर घरी दोन लिटर दूध येऊ शकतं.

आमच्या भाषेत याला टाइमआउट म्हणतात. प्रश्न विचारला, ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. 'पेंडिंग' म्हणजे नेमकं हेच. फेल म्हणजे 'नाही' असं उत्तर आलं. सक्सेस म्हणजे 'हो' असं उत्तर आलं. पेंडिंग म्हणजे अजून उत्तरच आलेलं नाही.

मग लगेच पैसे परत का देत नाहीत? कारण समोरच्या बँकेत पैसे खरोखर जमा झालेले असू शकतात, फक्त 'जमा केले' हा निरोप वाटेत हरवलेला असतो. अशा वेळी तुम्हालाही परत दिले, तर तेच पैसे दोन ठिकाणी जातील. म्हणून आधी हिशेब जुळवतात. बँकांमधला हिशेब दिवसातून अनेक फेऱ्यांमध्ये होतो. तुमच्या बँकेची नोंद, समोरच्या बँकेची नोंद आणि एनपीसीआयची नोंद एकमेकांना लावून पाहतात. कुठे वजा आहे पण जमा नाही, ते त्यात सापडतं. पैसे हवेत विरत नाहीत, त्यांची नोंद कुठेतरी असतेच.

थांबायचं, पण किती दिवस?

'थांबा' म्हणणं सोपं आहे. पण १५,००० रुपये अडकले असतील तर माणूस विचारणारच, किती थांबू? याला ठरलेलं उत्तर आहे. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती ठरवून दिल्या आहेत.

एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. सोमवारी अडकले, तर मंगळवारपर्यंत.

दुकान, हॉस्पिटल, पेट्रोल पंप अशा ठिकाणी भरले आणि त्यांच्याकडे पेमेंट झाल्याचं पोहोचलं नाही, तर पाच दिवस. सोमवारी अडकले, तर शनिवारपर्यंत. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून पैसे गेले, त्यालाही हीच पाच दिवसांची मुदत.

मुदत उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. आणि ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता द्यायची, असं त्या परिपत्रकातच आहे. हे माझ्या ऑफिसमधल्या इंजिनिअर मित्रांनाही माहीत नव्हतं!

आईचे पैसे शुक्रवारी सकाळी परत आले. कुणालाही फोन न करता.

एक मात्र लक्षात ठेवा. नंबर चुकून दुसऱ्याच कुणाला पैसे गेले आणि व्यवहार सक्सेस झाला, तर ही मुदत लागू नाही. सिस्टिमच्या दृष्टीनं तो व्यवहार बरोबरच झालेला असतो. तिथे लगेच बँकेत तक्रार करावी लागते. म्हणून पिन टाकण्याआधी स्क्रीनवर दिसणारं नाव वाचा.

तक्रार कुठे करायची?

क्रम असा ठेवा. आधी ॲपमध्ये त्याच व्यवहारावर टॅप करा, तिथेच मदतीचा किंवा तक्रारीचा पर्याय असतो. तिथे १२ आकडी यूटीआर किंवा रेफरन्स नंबरही दिसतो, तो लिहून ठेवा. स्क्रीनशॉटपेक्षा हा नंबर महत्त्वाचा, कारण बँकवाले त्यावरूनच शोधतात.

तिथे काम झालं नाही तर तुमची बँक. तक्रार नोंदवली की तक्रार क्रमांक मागून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. त्यांच्याकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा नंबर १४४४८.

आणि बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. तो डेबिट कार्डच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो. सर्चमध्ये वर दिसणारा नंबर बँकेचाच असेल याची काही खात्री नसते. पैसे अडकल्यावर माणूस घाबरून काय शोधणार, हे भामट्यांना नीट माहीत असतं.

पिन फक्त पैसे देताना

आता त्या गोड बोलणाऱ्या माणसाकडे येऊ. त्यानं आईला दोन गोष्टी करायला सांगितल्या होत्या, ॲप टाका आणि पिन टाका.

ते ॲप स्क्रीन शेअरिंगचं असतं. तुमच्या स्क्रीनवर जे दिसतं ते त्याला दिसतं, ओटीपीचा मेसेजसुद्धा.

आणि पिन? यूपीआय पिन म्हणजे 'माझ्या खात्यातून पैसे काढा' या कागदावरची तुमची सही. पैसे घ्यायला सही लागत नाही. रिफंडला लागत नाही, बक्षिसाला लागत नाही, ओएलएक्सवर सोफा विकल्यावरही लागत नाही. पूर्वी भामटे पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवायचे आणि 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' म्हणायचे. ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयनं दोन व्यक्तींमधली अशी रिक्वेस्ट बंद केली. पण 'हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील' हे अजून चालूच आहे. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

हे का महत्त्वाचं, तर नुकसान कुणी सोसायचं हे त्यावर ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी घोटाळा केला, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर शून्य जबाबदारी. चार ते सात दिवस लावले तर काही रकमेपर्यंत तुमच्यावर येते. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर झालेलं बँकेचं.

म्हणून फसवणूक झालीच, तर 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. लवकर कळवलं तर पैसे पुढे काढले जाण्याआधी समोरच्या खात्यात रोखता येण्याची शक्यता असते. संध्याकाळपर्यंत ते चार खात्यांतून फिरून गेलेले असू शकतात.

घरी गेल्यावर एवढं करा

या रविवारी आई-बाबांचा फोन हातात घ्या. बँकेचा खरा नंबर नाव घालून सेव्ह करा. १९३० सेव्ह करा. व्यवहाराचा रेफरन्स नंबर कुठे दिसतो ते त्यांच्या बोटानं उघडून दाखवा, तुमच्या नाही. आणि 'पेंडिंग' आलं तर काय, हे एकदा बोलून ठेवा: घाबरायचं नाही, गूगल करायचं नाही. घाई असेल तर दुसऱ्या मार्गानं भरायचं आणि पहिल्या पैशांची मुदत मोजायची.

बाबा आता बरे आहेत, सकाळी फिरायला जातात. आईच्या फोनच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी असते. त्यावर वर बँकेचा नंबर, मग १९३०, आणि सगळ्यात खाली माझा. मी विचारलं, "मी शेवटी का?"

म्हणाली, "तू मीटिंगमध्ये असतोस ना."

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत हा मजकूर घरच्या ग्रुपवर टाका. 'शुभ सकाळ'च्या फोटोसोबत टाकलात तरी चालेल.