श्वानबंदीचा ठराव आणि दिव्यांग मूल

भाईंदरच्या केबिन रोडवरील एखाद्या गृहनिर्माण संस्थेने सर्वसाधारण सभेत बहुमताने श्वानबंदी ठरवली, तरी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी सरसकट बंदी घालता येत नाही. मग स्वमग्न मुलाला रस्त्यावर धावण्यापासून रोखणाऱ्या सहायक श्वानाची, म्हणजे अपंगत्वाशी निगडित विशिष्ट काम शिकवलेल्या कुत्र्याची, बाजू त्याहून भक्कम ठरते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात त्याचा स्वतंत्र उल्लेख नसला, तरी ‘वाजवी सोय’, म्हणजे इतरांवर अवाजवी भार न टाकता केलेला आवश्यक फेरबदल, हे तत्त्व आहे, आणि त्याच तत्त्वावर अमेरिकेत प्राणीबंदीच्या इमारतींना अपवाद करावा लागतो. भुंकण्याच्या, अस्वच्छतेच्या तक्रारी (त्या प्रत्येक सभेत निघतातच) खऱ्या असतात, पण त्यांवर उपाय नियमांचा आहे, बंदीचा नाही.