इन्व्हर्टरची वायर गरम का होते?

वीज गेली तरी पंखा फिरतो, मुलांचा अभ्यास अडत नाही, म्हणून इन्व्हर्टरचं आपल्याला केवढं कौतुक! पण जिन्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात एकदा त्याची स्थापना झाली, की पुढे त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. मग एके दिवशी करपट वास येतो आणि सल्ला मिळतो, "बॅटरी गेली, नवी घ्या." मैत्रिणींनो, हजारो रुपये घालण्याआधी वायरींचे जोड बघा. पुष्कळदा दोष तिथेच असतो.

असं का होतं? घरातली वीज २३० व्होल्टची, बॅटरी बहुधा १२ व्होल्टची. ६०० वॉटच्या भाराला घरच्या वायरीतून तीनेक अँपिअर प्रवाह जातो, बॅटरीच्या वायरीतून मात्र ५० अँपिअरहून जास्त! अशा वेळी जोड जरासा सैल असला, तरी तो रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या छोट्या सोल्डरिंग आयर्नइतका तापू शकतो. वायरीचं प्लॅस्टिक वितळतं, आणि जवळ रद्दी किंवा कपडे असले तर आगही लागू शकते.

वीज गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बॅटरीच्या वायरींच्या प्लॅस्टिकला हाताची पालथी बाजू हलकेच लावून पाहा. धातूला हात लावू नका.

फक्त टोकच गरम असेल, तर जोड सैल किंवा खराब आहे. सबंध वायर तापत असेल, तर वायर बारीक आहे किंवा भार जास्त आहे. मिक्सर, इस्त्री, फ्रिज इन्व्हर्टरवर नको. दूर ठेवायची म्हणून बॅटरीची वायर परस्पर लांबवूही नये.

प्लॅस्टिक वितळलं असेल, बॅटरी फुगली असेल किंवा स्वतःच तापत असेल, तर इन्व्हर्टर बंद करा, मेनचं बटणही बंद करा आणि माहितगार इलेक्ट्रिशियनला बोलवा.

नुसता पांढरा-हिरवा थर दिसला, तर तो घरी साफ करता येतो. आधी इन्व्हर्टर आणि मेनचं बटण बंद करून सगळं गार होऊ द्या. हातातल्या बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र काढून ठेवा. दोन टर्मिनलना एकदम धातू टेकला तर मोठी ठिणगी उडते. जुनी साडी, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि खिडकी उघडी! चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ उदबत्ती किंवा काडी नको.

आधी काळी वायर सोडवा, मग लाल. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली बरी. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशाने थर घासा. बॅटरीची झाकणं घट्ट असू द्या, थेंबही आत जायला नको. स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. जोडताना आधी लाल, शेवटी काळी. नट घट्ट आवळून वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. गरम जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे रोग झाकणं.

दिवाळीची साफसफाई आणि उन्हाळ्याची सुरुवात, वर्षातून निदान या दोन वेळा जोड तपासा. अर्ध्या तासाचं काम, पण घर निर्धास्त झोपतं.