दोन सर्व्हर घेतले म्हणजे झालं का?

चाकणच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना हे सांगायला नको. टेम्पो भरून उभा, माल एक लाख रुपयांच्या वरचा आणि सर्व्हर बंद. इनव्हॉइस नाही म्हणून ई-वे बिल नाही, आणि टेम्पो हलत नाही. मग कुणीतरी सांगतं, "दुसरा सर्व्हर ठेवा, पहिला पडला की तो आपोआप चालू होईल."

पण दोघांमधली केबलच तुटली तर? दुसऱ्याला वाटतं पहिला मेला, आणि दोघंही मुख्य बनून बिलं फाडत बसतात. एकाच नंबरची दोन बिलं! जीएसटी भरताना निस्तरा मग. म्हणून क्लस्टरला तिसरं मत लागतं. तिघांपैकी दोघांचं जुळलं तरच मुख्य सर्व्हर ठरतो, एकटा पडलेला गप्प बसतो. तिसरं मशीन छोटं चालेल. फक्त तिन्ही एकाच यूपीएसवर लावू नका.

शिकायला खर्च नाही. पोस्टग्रेस, पॅट्रोनी, ईटीसीडी सगळं फुकट आहे. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तीन व्हर्च्युअल मशीन बनवा, मुख्य मशीन धाडकन बंद करा आणि घड्याळ बघा. पॅट्रोनी साधारण ३० सेकंद वाट बघून दुसऱ्याला मुख्य करतो.

मात्र क्लस्टर म्हणजे बॅकअप नाही हं. चुकून डिलीट केलेली एंट्री दुसऱ्या सर्व्हरवरूनही लगेच जाते. २०१७ मध्ये गिटलॅबसारख्या कंपनीत दुरुस्ती करताना मुख्य डेटाबेसच पुसला गेला, नेहमीचे बॅकअप चालतच नव्हते, आणि सुमारे ६ तासांचा डेटा गेला. पाच माणसांचं वर्कशॉप असेल तर क्लस्टर राहू द्या, आधी बॅकअप रिस्टोअर करून बघा. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, तोच वार धरा.