टायर ‘अचानक’ फुटत नाही, बॉस!

ट्रिपचा प्लॅन ठरतो तेव्हा ग्रुपवर कशाकशाची चर्चा होते, आठवा. फास्टॅगमध्ये बॅलन्स आहे का, गाणी कोणाच्या फोनवरून लागणार, पहिला चहा कुठे, मागच्या सीटवर मधे कोण बसणार (हा वाद आजवर कुठल्याच ग्रुपमध्ये मिटलेला नाही). गाडी बहुतेकदा कुणाच्या तरी बाबांची असते. टायरचा विषय निघालाच, तर एकजण खाली उतरतो, टायरला लाथ मारतो आणि ‘टाइट आहे रे’ असं सर्टिफिकेट देऊन टाकतो. झालं चेकिंग!

लाथ मारून एवढंच कळतं, की टायर जागेवर आहे. आजकालच्या ट्यूबलेस टायरमधली पाव भाग हवा गेली, तरी तो बाहेरून ठणठणीत दिसतो. हायवेवर ‘अचानक’ फुटलेल्या बऱ्याच टायरची गोष्ट तिथूनच सुरू होते.

काय होतं बघा. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो, पुढे गेला की सरळ होतो. छोट्या कारच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर. ताशी १२० किलोमीटरला, म्हणजे समृद्धी महामार्गावर कारला जेवढी परवानगी आहे त्या स्पीडला, तो सेकंदाला १८ वेळा फिरतो. नागपूर ते शिर्डी हे समृद्धीवरचं अंतर ५२० किलोमीटर. तेवढ्यात टायरचा प्रत्येक भाग जवळपास २ लाख ९० हजार वेळा दबून सरळ होतो. लोखंडी तार हातात घेऊन मागेपुढे वाकवत राहिलात तर ती गरम होते ना, तसंच इथे होतं. हवा पुरेशी असेल तर वाकणं थोडं. हवा कमी असेल तर टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, जास्त वाकते आणि जास्त तापते. टायरमध्ये नुसतं रबर नसतं. आत धाग्यांचे थर असतात, पोलादी तारांचे पट्टे असतात. हे सगळं एकमेकांना धरून असतं ती पकड उष्णतेने सुटायला लागते. बाहेरून काहीच दिसत नाही, स्टिअरिंगला थोडी थरथर जाणवली तर नशीब. मग एका क्षणी थर फाटतात आणि हवा एकदम बाहेर.

शहरात सिग्नल, खड्डे, ट्रॅफिक यांच्या कृपेने टायर फार तापतच नाही. हायवेवर मात्र त्याला दमच खायला मिळत नाही. गावात वर्षभर गुमान चाललेला टायर तिथे दीड तासात दगा देतो, तो यामुळे. त्यात गाडीत पाच जण, डिकी बॅगांनी भरलेली आणि विदर्भातला मे महिना, मग विचारूच नका.

आता सगळ्यात घातक गैरसमजाकडे येऊ. पंक्चरच्या दुकानात उन्हाळ्यात अर्धा तास उभे राहा, हा सल्ला कानावर पडेलच: ‘हवा तापून फुगते, चार-पाच पॉइंट कमीच टाका.’ ऐकायला एकदम लॉजिकल! हवा तापून प्रेशर वाढतं हे खरंच आहे, पण कंपनीने दिलेला आकडा ते गृहीत धरूनच ठरवलेला असतो. तो आकडा थंड टायरचा असतो. तुम्ही हवा कमी केलीत की टायर जास्त वाकतो, म्हणजे ज्या उष्णतेला घाबरलात तीच वाढवून ठेवता. हा आकडा सापडतो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर. बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, कमी माणसं असतानाचा आणि गाडी भरलेली असतानाचा. ट्रिपला दुसरा. टायरवरच कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. हवा सकाळी, गाडी फार न चालवता तपासा. आणि नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरा, पण भरला म्हणून तपासणं सोडू नका.

हवा कमी असणं किती महागात पडतं, याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला. २००० साली फायरस्टोन कंपनीला तिथे सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. हायवे स्पीडला टायरचा वरचा थर सुटून यायचा आणि गाडी उलटायची. अडीचशेहून जास्त माणसं गेली. फोर्ड म्हणे टायरमध्ये दोष, फायरस्टोन म्हणे तुम्ही प्रेशरच कमी सांगितलंत, फक्त २६! भांडणातून कायदा झाला आणि पुढे तिथल्या नव्या गाड्यांमध्ये टायरचं प्रेशर कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडेही आता बऱ्याच गाड्यांमध्ये ती आहे. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखं चित्र आणि मधे उद्गारचिन्ह पेटलं, तर ते डेकोरेशन नाही.

टायरचं वयही बघा. साइडवॉलवर ‘डीओटी’ या अक्षरांपाशी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. आजोबांची गाडी महिन्यातून एकदाच निघते, टायरची नक्षी कोरी करकरीत असते, पण रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा गेलेल्या असतात. साइडवॉलला फुगा आला असेल तर विषयच संपला, त्या टायरवर हायवेला जायचं नाही. नक्षीच्या खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. २०२३ मध्ये आरटीओने समृद्धीच्या प्रवेशांवर टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या, तेव्हा लोक चिडले होते. चिडू देत.

एवढं करूनही टायर फुटलाच तर? बंदुकीसारखा आवाज येतो आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. तिथेच पायाला आवरायचं. पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला ओढली जाते, मागचा फुटला तर मागची बाजू झुलायला लागते. अशा वेळी कचकन ब्रेक मारला तर गाडीचा भार पुढे येतो आणि ती फिरते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, गाडी सरळ ठेवा, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा. स्पीड आपोआप पडतो. बराच पडला की इंडिकेटर देऊन डावीकडे या. मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावलेला असायला हवा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतेय.

गाडी थांबली की सगळे हुश्श करतात, सेल्फी निघतात. खरं तर पुढची दहा मिनिटं तितकीच धोक्याची असतात. थांबलेल्या गाडीला मागून ट्रकने धडक दिल्याच्या बातम्या आम्ही डेस्कवर नेहमी वाचतो. त्यात स्टेपनी बदलणारेही असतात. हॅझर्ड लाइट लावा, डाव्या दारांनी उतरा, सगळे रेलिंगच्या पलीकडे जा. रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा. चाक उजव्या बाजूचं असेल, तर हिरोगिरी न करता मदतीची वाट बघा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा, इतर कुठेही ११२. आणि हो, स्टेपनीतली हवा शेवटची कधी तपासली होती?

‘टायर फुटला’ हे आपल्याकडे नशिबाचं दुसरं नाव आहे, आणि सोयीचं उत्तरही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हाही टायर फुटल्याचं चालकाने सांगितलं होतं. आरटीओच्या अहवालात मात्र तसा पुरावा मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयातलं एक प्रकरण तर खास वाचण्यासारखं आहे. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या कारचा मागचा टायर फुटला, कार खोल खड्ड्यात गेली आणि ३८ वर्षांचे एक गृहस्थ जागीच गेले. घरात कमावणारे ते एकटेच. मोटार अपघात न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सुमारे सव्वा कोटींची भरपाई दिली. विमा कंपनी अपिलात गेली. तिचं म्हणणं, टायर फुटणं ही ‘देवाची करणी’, त्यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने हे फेटाळलं. जास्त स्पीड, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर, तापमान, अशा कारणांनी टायर फुटतो आणि निघण्याआधी त्याची स्थिती बघणं चालवणाऱ्याचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

अपघात ते हा निकाल, यात त्या कुटुंबाची बारा वर्षं गेली.