ड्रायव्हर टाकला का?

गेल्या एप्रिलात एका रात्री साडेनऊला शेजारचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन दारात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची सीईटी, हॉल तिकीट छापायचं राहिलेलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने शटर ओढलेलं. ‘काका, एकच पान आहे,’ तो म्हणाला. त्या एका पानाला सव्वादोन तास लागले.

प्रिंटर चालू होता. वाय-फायचा निळा दिवा न लुकलुकता जळत होता, म्हणजे राउटरशी त्याचं जमलेलं होतं. संगणकावरच्या यादीत त्याचं नावही येत होतं. नावावर क्लिक केलं की पट्टी निम्म्यापर्यंत सरकायची, थांबायची आणि ड्रायव्हर इन्स्टॉल होऊ शकला नाही, असं वाक्य यायचं. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. कंपनीच्या साइटवरून ताजा उतरवून टाकला. छपाईची कामं रांगेत लावणारा स्पूलर बंद करून त्याच्या फोल्डरमध्ये अडकलेली जुनी कामं पुसली आणि तो पुन्हा सुरू केला. पाच मिनिटं फायरवॉल बंद ठेवून पाहिली. हे सगळं मला येतं, कारण तीस वर्षं मी तेच करत आलो आहे. त्या रात्री नडलं तेही हेच. प्रिंटर रुसला की ड्रायव्हरला धरायचं, ही खोड अंगात मुरलेली, आणि ती काही उगाच मुरलेली नव्हती.

आमच्या घरातला पहिला प्रिंटर १९९४ चा, ऐंशी कॉलमी डॉट मॅट्रिक्स. वडील पतसंस्थेचे हिशेब घरी आणून करत, त्यासाठी घेतलेला. त्याच्या आवाजाने दुपारची झोप मोडते म्हणून आई त्याच्याखाली दुपटं घालायची. ड्रायव्हर ही स्वतंत्र वस्तू तेव्हा आमच्या घरात नव्हतीच. डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅम प्रिंटरशी आपापलं बोलायचा. वर्डस्टारची प्रिंटरांची यादी वेगळी, लोटसची वेगळी. यादीत आपलं मॉडेल सापडलं नाही तर डोळे मिटून एप्सन निवडायचं, कारण एप्सनची आज्ञाभाषा बहुतेक डॉट मॅट्रिक्स यंत्रांना कळत असे. २७ आणि ६९ हे दोन अंक लागोपाठ पाठवले की पुढची अक्षरं ठळक. मला तर ते मंत्रच वाटायचे.

पण अक्षरांचे आकार प्रिंटरच्या पोटातल्या चिपमध्ये भाजलेले असत. संगणक फक्त अंक धाडायचा. त्या पोटात देवनागरी नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की मराठी दिसायची आणि छापताही यायची, पण ते कार्ड आमच्याकडे नव्हतं. त्यामुळे खातेदारांची नावं रोमन लिपीत निघत आणि वडील रात्री बसून प्रत्येक नावाशेजारी पेनाने मराठी नाव लिहीत.

विंडोज आली आणि प्रत्येक प्रोग्रॅमने आपापला दुभाषा बाळगायची गरज संपली. सगळ्यांना मिळून एकच दुभाषा, तोच ड्रायव्हर. पानाचं चित्र संगणकच तयार करून देऊ लागला आणि प्रिंटरला फक्त ठिपके उठवायचे राहिले, तेव्हा देवनागरी आणि रोमन त्याला सारखीच झाली. ड्रायव्हरच्या नावाने मी पुष्कळ बोटं मोडली आहेत, म्हणून त्याचं हे ऋण आधी नोंदवतो.

१९९९ मध्ये दुसरा प्रिंटर आला, शाईचा, रंगीत. त्याच्या यूएसबीच्या खाचेवर पिवळा कागद चिकटवलेला होता: आधी सीडी घाला, सांगितल्याशिवाय केबल जोडू नका. मी अर्थातच आधी केबल जोडली. विंडोजने त्याला अनोळखी उपकरण म्हणून नोंदवून टाकलं आणि मग सीडी कितीही वेळा फिरवली तरी ती नोंद जाईना. अखेर पेठेतल्या हार्डवेअरवाल्याला बोलावलं. त्याने आल्या आल्या विचारलं, ‘ड्रायव्हर टाकला का?’ पुढच्या वीस वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणांना विचारला आणि इतक्या जणांनी मला विचारला, की ‘जेवलात का?’ इतकाच तो सहज तोंडात येतो.

ड्रायव्हरच्या रागातून काय काय उभं राहू शकतं, याचं एक उदाहरण या ओघात सांगायलाच हवं. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये तिथला प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन याने स्वतः भर घातली होती. कागद अडकला की ज्याचं काम रांगेत आहे त्याच्या पडद्यावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरलाही तसंच करावं म्हणून त्याने मूळ संहिता मागितली, ती नाकारली गेली. तो नकार त्याच्या मनातून गेला नाही. १९८३ मध्ये त्याने जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ तिथून उभी राहिली. आपण मात्र कागद अडकला की प्रिंटरच्या पाठीवर चापट मारून मोकळे होतो.

तिसरा प्रिंटर २००६ चा, काळा-पांढरा लेझर. स्वस्त होता आणि स्वस्त का होता हे चार वर्षांनी कळलं. महागड्या लेझर प्रिंटरमध्ये पान वाचून ते रचणारा मेंदू असतो. या वर्गातल्या यंत्रात तो काढून टाकलेला असतो आणि सगळी रचना संगणकातला ड्रायव्हर करतो. म्हणजे ड्रायव्हर गेला की यंत्र निव्वळ खोकं. २०१० मध्ये घरात ६४ बिटांच्या विंडोजचा लॅपटॉप आला. जुना ड्रायव्हर ३२ बिटांचा, तो त्यात शिरेना. कंपनीने या मॉडेलसाठी नवा काढला नव्हता. ड्रम ठीक, टोनर भरलेला, यंत्र धडधाकट, पण दुभाषाच वारलेला! जुना डेस्कटॉप केवळ छापण्यासाठी आणखी तीन वर्षं टेबलाखाली जिवंत ठेवला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा अन्याय हाच. यंत्र झिजून मेलं तर माणूस समजून घेतो.

खोड मुरली ती अशी. तीनही वेळा गुन्हेगार खरोखर ड्रायव्हरच होता, किंवा त्याचं नसणं.

चौथा प्रिंटर २०१६ मध्ये घेतला, वाय-फायवाला, आणि इथे गुन्ह्याची जागाच बदलली. केबल असताना संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं. आता मध्ये राउटर आला, आणि राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटतो. वीज जाऊन आली की हे पत्ते बदलू शकतात. विंडोज मात्र जुन्याच पत्त्यावर पान पाठवत राहते आणि प्रिंटर ऑफलाइन असल्याचं सांगते. या त्रासावर मी तेव्हा इलाज केला होता: प्रिंटरच्या बटणांवरून त्याला कायमचा पत्ता देऊन टाकला, १९२.१६८.१.५०. आठ वर्षं तक्रार आली नाही, आणि आपण असं काही करून ठेवलंय हेच मी विसरलो.

त्या एप्रिलच्या रात्री अकराच्या सुमारास मुलगी खोलीतून बाहेर आली. ‘बाबा, ड्रायव्हर सोडा. प्रिंटरचा पत्ता काय आहे?’ तिने प्रिंटरचं माहितीचं बटण दाबून धरलं आणि प्रिंटरने स्वतःच्या स्थितीचा कागद मुकाट्याने छापून दिला. (छापता येत होतं, बघा!) त्यावर माझाच पत्ता होता. महिन्याभरापूर्वी आम्ही इंटरनेटचं कनेक्शन बदललं होतं. घरातली सगळी यंत्रं पुन्हा जोडायला नकोत म्हणून नव्या राउटरला वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच दिला होता. त्यामुळे प्रिंटर आनंदाने जोडला गेला, निळा दिवा लागला. पण नवा राउटर १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते वाटत होता आणि प्रिंटर १९२.१६८.१ च्या गल्लीत बसून होता. यादीत नाव कसं दिसत होतं? प्रिंटर शोधताना संगणक घरभर हाक मारतो, तिला ओ द्यायला गल्ली आड येत नाही. प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की पत्ता लागतो. तिथे संभाषण तुटत होतं आणि विंडोजकडे त्या तुटण्याला ड्रायव्हरखेरीज दुसरं नाव नव्हतं.

मुलीने प्रिंटरचा पत्ता स्वयंचलितवर टाकला. मिनिटभरात तो यादीत आला आणि बसला. कंपनीचा ड्रायव्हर मी अजून शोधत होतो, तोवर हॉल तिकीट बाहेरही आलं.

ड्रायव्हरशिवाय हे कसं जमलं, याचं श्रेय मी फोनला देतो. फोनमध्ये शेकडो मॉडेलांचे ड्रायव्हर कोण कोंबणार? २०१० च्या नोव्हेंबरात ॲपलने आयफोनसाठी एअरप्रिंट आणलं तेव्हा गणित उलटं फिरलं: प्रिंटरनेच सर्वांची एक भाषा शिकायची. ती भाषा, इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, १९९९ पासून कागदावर तयार होती. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संस्था काढली आणि अँड्रॉइडचीही सोय झाली.

कंपन्यांचे ड्रायव्हर सोडायची विंडोजला घाई सुटली ती भीतीमुळे. २०२१ मध्ये स्पूलरमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची खिंडारं उघड झाली. ड्रायव्हर म्हणून कुणीही दुरून काहीही घुसवावं आणि स्पूलरने ते संगणकावरच्या सर्वोच्च अधिकाराने चालवावं, अशी ती गत होती. त्या ऑगस्टपासून ड्रायव्हर टाकायला ॲडमिनिस्ट्रेटर लागू लागला आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरांवर शेवटी ‘११बी’ असलेला एरर येऊ लागला. पुढे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर पुरवणं टप्प्याटप्प्याने थांबवणार. १ जुलै २०२७ नंतर त्या मार्गाने सुरक्षेच्या दुरुस्त्यांपलीकडे नवं काही मिळणार नाही. आधी टाकलेले ड्रायव्हर चालत राहतील.

तेव्हा तुमच्याकडे सात-आठ वर्षं जुना, केबलवर चालणारा धडधाकट लेझर असेल तर एवढं कराच. त्याचा ६४ बिटांचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर अजून असेपर्यंत उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि पेनड्राइव्हला चिठ्ठी लावा. वाय-फायवाला असेल तर पत्ता प्रिंटरमध्ये कोरू नका, राउटरमध्ये राखून ठेवा, आणि राउटर बदलाल त्या दिवशी एक पान छापून बघा. दुकान उघडं असताना.