रुई आणि कडवा

मुंबईहून हार्बर मार्गाने वाशीकडे जाताना ठाण्याच्या खाडीवरील पुलाच्या अलीकडे मानखुर्द स्थानक लागते. रुळांच्या कडेला, पडक्या भिंतींच्या आडोशाला, मुरमाड जमिनीत रुईची झुडपे आपोआप उगवतात. त्यांना कोणी लावीत नाही व पाणीही घालीत नाही. चैत्राच्या उन्हात आसपासचे गवत करपते, तरी रुईची जाड, पांढुरकी पाने ताजी असतात. पान तुटताच पांढरा, विषारी चीक पाझरतो. म्हणून गुरे तिला तोंड लावीत नाहीत. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ वाहतात, एवढाच काय तो तिचा मान!

परंतु एका फुलपाखराचा संसार याच झुडपावर उभा आहे. नारिंगी पंख, काळी किनार आणि पुढील पंखांच्या टोकांशी पांढरा पट्टा, असे त्याचे रूप असते. त्याला बिबळ्या कडवा म्हणतात. त्याची मादी रुईच्या पानांवर, बहुधा खालच्या बाजूस, एकेक अंडे घालते. थोड्याच दिवसांत काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी बाहेर येते. ती प्रथम पानाची शीर कुरतडते. त्यामुळे पुढील भागात चीक कमी येतो. तरीही जे विष पोटात जाते, ते ती अंगात साठविते. कोशातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखरातही ते उतरते. असे फुलपाखरू खाणाऱ्या पक्ष्याला ओकारी होते. पुन्हा तो त्या रंगाच्या वाटेस जात नाही. म्हणूनच कडवा निर्धास्तपणे, संथ उडतो.

उत्तर अमेरिकेतील मोनार्क हा कडव्याचा जवळचा भाऊबंद होय. हिवाळ्यासाठी तो हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरांत जातो. त्याच्या अळ्याही रुईच्या कुळातील झुडपांवरच वाढतात. शेतांत तणनाशके फवारल्यामुळे ती झुडपे नाहीशी झाली. मोनार्कांची संख्या घटण्याचे हे एक मोठे कारण आहे.

मानखुर्दलाही जागा साफ करताना रुई तण म्हणून उपटली जाते. फुलपाखराला मध अन्य फुलांतही मिळेल. परंतु अळीला रुई व तिच्या कुळातील झाडांवाचून दुसरा आधार नाही.

रुईजवळ गेल्यास पान तोडू नये. तिचा चीक डोळ्यांस फार अपायकारक असतो. खाली वाकून पानामागे पाहावे. तेथे कदाचित मोहरीहूनही लहान, पांढरे अंडे दिसेल. निरुपयोगी वाटणाऱ्या त्या झुडपाचे मोल तेव्हा कळेल.